माझी खचलेली बाजू

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, असं लोक म्हणतात. मी कोणाची चूक काढत नाही. पण खरं विचाराल, मित्रांनो, तर मी किती जुनी आहे हे मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

माझं लांब नाक, गोल दिवे आणि मागे दुमडणारं कापडी छप्पर पाहून वयस्क माणसं हळवी होतात. आमच्या तरुणपणी अशाच गाड्या होत्या, असं सांगत माझ्या नाकावरून हात फिरवतात. त्यांच्या तरुणपणी मी मुळी नव्हतेच. माझं अंग साच्यातून काढलेल्या फायबरचं आहे आणि ते एका भल्यामोठ्या खोक्यातून सुट्या तुकड्यांनी आलं. इंजिन एका टॅक्सीचं आहे. दिवे नवे, पण जुने वाटावेत म्हणून त्यांच्या काचा मुद्दाम पिवळट ठेवलेल्या. माझ्यात खरोखर जुनं असं एकच आहे आणि नेमकं तेच कोणाला दिसत नाही. ते म्हणजे मागच्या चाकांवरचे पाटे. पोलादाच्या लांब पट्ट्या एकीवर एक रचायच्या, मध्ये आवळायच्या आणि त्यांना धनुष्यासारखा बाक द्यायचा, की झाला पाटा. खड्डा आला की तो दबतो, खड्डा गेला की उठतो. माझे दोन्ही पाटे एका बेकरीच्या मोडीत निघालेल्या व्हॅनचे आहेत. उभं आयुष्य त्यांनी पाव वाहिले, आता ते ऐट वाहतात. म्हणून कोणी माझं कौतुक केलं की त्यातलं किती फायबरनं घ्यावं, किती टॅक्सीनं, आणि पाट्यांच्या वाट्याला काय ठेवावं, याचा हिशेब मला कधीच जमत नाही.

मला जोडलं एका चष्मेवाल्यानं. बाजाराच्या तोंडाशी त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस अंगापिंडानं भक्कम. दारातून आधी पोट येतं, मग हसू आणि मग तो. एवढ्या माणसाला एवढी ठेंगणी गाडी का हवीशी झाली, हे त्याच्या बायकोला कळलं नाही आणि मलाही नाही. पण रविवारमागून रविवार तो घरामागच्या शेडमध्ये माझ्याखाली उताणा पडून असायचा. मदतीला त्याचा मित्र, गॅरेजवाला मिस्त्री. चष्मेवाल्याचं अंग ओळखून मिस्त्रीनं स्टिअरिंगच्या बाजूच्या पाट्यात एक पट्टी जादा घातली. शेजारच्या बाजूला घातली नाही, कारण तिथे बसायची होती बायको, आणि ती शिडशिडीत. शिवाय चष्मेवाल्यानं माझ्यासाठी एक नियम केला होता. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. हा नियम तो पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, रस्त्यात थांबून माझ्याकडे बघणाऱ्यांना, सगळ्यांना आवर्जून ऐकवायचा. पुढचा सगळा घोटाळा या नियमानं केला, म्हणून तो जरा लक्षात असू द्या.

माझ्यात माणसं दोनच मावतात. तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता, मी वजनावरून ओळखते. चष्मेवाला बसला की पाटा 'कुईं' करतो आणि तो उतरेपर्यंत श्वास धरून राहतो. त्याची बायको शाळेत भूमिती शिकवते. तिला सगळे बाई म्हणतात, घरात तोसुद्धा. बाई बसल्या की पाट्याला नुसतं कळतं. तपासायच्या वह्या मांडीवर असल्या की जरा जास्त कळतं, आणि रागावून बसल्या तर त्याहून जास्त. रागाला वजन असतं का, मित्रांनो? मला तरी तसं वाटतं. पण मी पडले टॅक्सीच्या इंजिनानं विचार करणारी, तेव्हा माझं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाईंना तिरकं काही खपत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच खुर्चीत टेकतात.

माझ्या ओळखीचं तिसरं वजन म्हणजे बाईंच्या आई, थोरल्या बाई. वजन कसलं, नुसता वारा. त्या बसल्या हे मला दार लागल्याच्या आवाजावरून कळायचं. त्यांनी जन्मभर पायानं शिवणयंत्र चालवलं. नदीपलीकडे त्यांचं स्वतःचं घर आहे, त्यात रस्त्याकडच्या अंगाला शिवणाची खोली. गिऱ्हाइकं अजून येतात, कपडे शिवायला कमी आणि मन मोकळं करायला जास्त.

तर झालं असं, की नदीपलीकडे जाणारी बस बंद झाली. लगेच बाईंनी ठरवून टाकलं की आईनं आता आपल्याकडे राहायला यायचं. त्यांनी कडेची खोली रंगवून घेतली, पडदे लावले, ते सरळ आहेत ना हे तीनतीनदा पाहिलं. आईच्या घराला एक भाडेकरू जोडपंही हेरून ठेवलं. महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळी त्यांना शब्द द्यायचा होता. लेकीकडे यायला थोरल्या बाईंची ना नव्हती. लेकीकडेच राहायला होती. त्या म्हणाल्या, बसचीच अडचण असेल तर मी गाडी शिकते. बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. या वयात कसली गाडी, नुकतं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि आईला भात वाढला.

हे मला कसं कळलं? चष्मेवाला माझ्याशी बोलतो. घरात जे बोलायचं राहून जातं ते तो शेडमध्ये येऊन माझ्या बॉनेटला सांगतो. त्या दिवशी जेवताना तो गप्प बसला होता आणि तेच त्याला खात होतं. कारण थोरल्या बाईंचे डोळे त्यानंच तपासले होते. त्याच्या दुकानातल्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ त्या धडाधड वाचतात. बाई त्याच ओळीला अडखळतात, पण ते त्यांना सांगायची त्याची प्राज्ञा नाही.

आणि मग त्यानं आपलाच नियम मोडला. बाई शाळेत असताना तो दुपारी दुकानाला कुलूप लावायचा, पुलापलीकडून सासूबाईंना घ्यायचा, आणि लोकरीच्या बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात आम्ही तिघं पोचायचो. तिथे ती दोघं जागा बदलायची. थोरल्या बाई स्टिअरिंगवर, खाली त्यांनी स्वतः शिवलेली जाड उशी. जावई शेजारच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी. शिवणयंत्राच्या पायट्यावर घडलेला पाय तो. चष्मेवाल्याच्या पायाखाली जो क्लच कायम कुरकुरतो, तो त्यांच्या पायाखाली अलगद सुटला. मला वाटलं, मी मुळात यांचीच असावे. वळण मात्र त्या कापड फिरवावं तसं घ्यायच्या, आधी थांबायच्या, मग वळायच्या. मागे जाणं त्यांना पटतच नव्हतं. उसवायचं काम मला कधीच आवडलं नाही, म्हणायच्या.

त्यांनी जावयाकडून एक शब्द घेतला होता. लायसन हातात पडेपर्यंत लेकीला कळता कामा नये.

"नुसती नापास झाले तर चालेल, जावईबापू," त्या म्हणाल्या होत्या. "तिच्यादेखत नापास नाही व्हायचं मला."

उन्हाळा असाच गेला. आणि शेजारच्या बाजूचा माझा पाटा, ज्याला शिडशिडीत बाईंची सवय, तो तासन् तास चष्मेवाल्याखाली दबून राहू लागला. असा एकदा तो दबला आणि उठायचं विसरला.

बाईंच्या नजरेतून ते सुटणार कुठून? एका सकाळी शाळेला निघताना त्या शेडच्या दारात थबकल्या. मला पुढून सगळे पाहतात. मागून पाहणाऱ्या त्या पहिल्याच. गाडी तिरकी उभी आहे, असं म्हणून त्यांनी पर्स खाली ठेवली आणि मान कलती करून माझ्याकडे पाहिलं. चष्मेवाला म्हणाला, जमीन तिरकी असेल. बाईंनी पाण्याची बाटली आडवी ठेवून जमीन सपाट असल्याचं दाखवून दिलं. भूमितीची बाई घरात असली की असं होतं.

मग मिस्त्री आला. त्यानं सगळं रीतसर केलं. सपाट फरशीवर मला उभी केली, चारी चाकांत हवा सारखी भरली, डिकी रिकामी करायला लावली. डिकीतून चष्म्यांच्या फ्रेमची खोकी निघाली, छत्री निघाली, आणि ती जाड उशी निघाली. बाईंनी विचारलं, ही कोणाची? चष्मेवाला म्हणाला, माझी, कंबरेला लागते. बाईंनी उशी उलटीसुलटी करून पाहिली. तिला चारी कडांनी सुरेख दुहेरी टीप होती. असली टीप पाहतच त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. पण तेव्हा त्या टीप पाहत नव्हत्या, उशीचा आकार पाहत होत्या, आणि तो नवऱ्याच्या कंबरेशी कुठूनही जुळत नव्हता.

मिस्त्रीनं मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. आधी स्टिअरिंगच्या बाजूला, मग शेजारच्या. शेजारची बाजू चांगली बोटभर खाली. तो बॅटरी घेऊन माझ्याखाली शिरला. पट्टी कुठे तडकलेली नाही, बोल्ट घट्ट आहेत, नुसता बाक गेलाय, असं त्यानं खालूनच सांगितलं. बाहेर आल्यावर त्यानं हात पुसले आणि त्याला विनोद सुचला.

"बाई, ही बाजू तुमच्या वजनानं बसलेली नाही बरं का. इथे चांगलं भारदस्त कुणीतरी नेमानं बसतंय."

आणि तो एकटाच हसला. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. पुसलेलाच पुन्हा पुसला. पाटे काढायला मी पुढच्या आठवड्यात येतो, असं सांगून मिस्त्री शीळ घालत निघून गेला. आपण काय करून ठेवलं हे त्याला आजही माहीत नाही.

त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक जाड बाईकडे आमच्या बाईंनी नीट पाहून घेतलं. चष्म्यांच्या दुकानाला लागून एक फुलवाली आहे, ऐसपैस आणि सदा हसतमुख. बाई तिच्याकडून वर्षानुवर्षं फुलं घ्यायच्या, त्या पलीकडच्या गल्लीतून घेऊ लागल्या. फुलवाली बिचारी चष्मेवाल्याला विचारत राहिली, माझं काही चुकलं का हो? तो चष्मा पुसायला घ्यायचा. मला तर काहीच कळेना. शेजारच्या सीटवर भारदस्त माणूस बसतो, हे बरोबर होतं. घरात भारदस्त माणूस एकच, हेही सगळ्यांना दिसत होतं. वर्गात जी बाई मुलांना दोन रेघांवरून तिसरी काढायला लावते, तिला हे दोन्ही जोडता येईना. कारण मधे तो नियम आडवा होता. स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागतच नाही ना, मग नवरा स्टिअरिंगवरच असणार, आणि शेजारी दुसरंच कोणीतरी.

गुरुवारी शाळेतून आल्यावर बाई शेडमध्ये आल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसून राहिल्या. मी वजन घेतलं. राग नव्हता. इतक्या हलक्या त्या कधीच बसल्या नव्हत्या. मला भीती वाटली. थोड्या वेळानं चष्मेवाला आला आणि दारातच उभा राहिला.

"तुमच्या शेजारी कोण बसतं?" त्यांनी समोर काचेकडे बघत विचारलं.

एकीकडे सासूबाईंना दिलेला शब्द, दुसरीकडे बायकोचा चेहरा. त्याला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं, म्हणून त्यानं निम्मं सांगितलं.

"आई."

"माझी आई?"

"हो."

बाईंनी मग त्याच्याकडे पाहिलं. "अहो, निदान पटेल असं तरी खोटं बोला."

त्या उठून गेल्या. मित्रांनो, हॉर्न सोडला तर मला तोंड नाही, आणि त्या वेळी हॉर्न वाजवून काय होणार होतं? चष्मेवाला माझ्या बॉनेटवर हात ठेवून पुटपुटला, खरंच तर सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, सांगितलंस रे, पण तू कुठे बसतोस ते सांगितलंस का?

शनिवारी, ज्या संध्याकाळी भाडेकरूंना शब्द द्यायचा होता, त्याच सकाळी बाईंनी आईला बोलावून घेतलं. नवऱ्याच्या खोट्याला त्या फळ्यावर मांडतात तशी सिद्धता देणार होत्या. आईला शेजारी बसवायचं, टेप लावायची, पाटा केसभरही हलत नाही हे त्याच्या डोळ्यांना दाखवायचं, आणि मग जे विचारायचं ते विचारायचं. डिकी रिकामी करून त्यांनी सामान शेडमधल्या फळीवर ठेवलं. चाकांतली हवा पाहिली. मला फरशीच्या मधोमध उभी करवली. मग माझ्यामागे शेजारच्या बाजूला उकिडव्या बसल्या आणि मडगार्डला टेप लावून म्हणाल्या, "आई, जरा गाडीत बस. अहो, तुम्हीही बसा."

कोणी कुठे बसायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच त्यांना वाटली नाही.

थोरल्या बाईंच्या डोक्यात त्या वेळी सोमवारची लायसनची परीक्षा होती, मागे कशी घ्यायची ते त्या चालता चालता घोकत होत्या. त्यांनी फळीवरून उशी उचलली, स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, उशी मांडली, बसल्या. सीट पुढे ओढली. आरसा आपल्याकडे वळवला. डावा पाय क्लचवर ठेवून गिअर हलवून पाहिला. चष्मेवालाही उन्हाळाभराच्या सवयीनं दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं, गुडघे हनुवटीशी घेतले आणि टेकला.

कुईं.

मडगार्ड बाईंच्या हातातल्या टेपवरून खाली सरकलं आणि थांबलं.

मग दोघांच्याही लक्षात आलं. चष्मेवाला दाराकडे हात नेऊन तसाच राहिला. थोरल्या बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत, उलट जरा घट्ट धरले. आरशात त्यांना लेकीचा भांग तेवढा दिसत होता. बाई उठेनात. टेपवरचा आकडा त्या पाहत होत्या की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं टेप सर्रकन् मिटल्याचा आवाज आला. त्या उठल्या, शेजारच्या दाराशी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उतरा तुम्ही."

तो उतरला. त्या बसल्या. पाट्याला नुसतं कळलं.

"चल," त्या आईला म्हणाल्या, "तुझ्या घरी सोड मला."

पुलावरून जाताना बाईंचा पाय आपल्या बाजूला नसलेला ब्रेक सारखा दाबत होता. थोरल्या बाई वळणाच्या आधी थांबल्या, मग वळल्या. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. नदीपलीकडच्या घरासमोर मी उभी राहिले तेव्हा बाईंनी ती उशी हातानं चाचपली आणि दुहेरी टिपेवरून अंगठा फिरवला. हे मला आधीच दिसायला हवं होतं, म्हणाल्या. मग तिथूनच त्यांनी भाडेकरूंना फोन करून, घर मोकळं होत नाहीये, असं सांगितलं.

सोमवारी थोरल्या बाई नापास झाल्या. मागे घेताना खांबाला टेकल्या. माझ्यावर ओरखडा आहे, तो नवा आणि अस्सल आहे. लेक तिथेच उभी होती. तिच्यादेखतच नापास झाल्या शेवटी. बाईंनी भाडेकरूंना परत फोन केला नाही. फक्त दर संध्याकाळी गोदामामागे येऊन त्या खडूनं जमिनीवर रेघा आखू लागल्या आणि आईला रेघेबाहेर गेलेलं खपवून घेईनात. पुढच्या खेपेला थोरल्या बाई पास झाल्या. आता नदीपलीकडून इकडे त्या स्वतः येतात आणि जेवण झालं की स्वतः परत जातात. कडेच्या खोलीत दुपारी पडतात. मी निम्मे दिवस पलीकडे असते, निम्मे दिवस इकडे, त्यामुळे माझं घर कोणतं, हा माझा आणखी एक गोंधळ झाला आहे. फुलवालीकडे बाईंनी एकदम इतकी फुलं घेतली की तिला पुन्हा विचारावंसं वाटलं, काही चुकलं का?

मिस्त्रीनं शेजारच्या पाट्याला नवा बाक देऊन आणला आणि त्या बाजूलाही एक पट्टी जादा घातली. इथे कोणी बसो, आता चिंता नाही, म्हणाला. या वेळी बाई हसल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी बोध सांगायचा असतो. मी तोच शोधते आहे. खरं निम्मं सांगू नये, हा असेल का? की माणसाची जागा आपण ठरवून टाकू नये, हा? मला निश्चित सांगता येत नाही. मी एवढंच मागते. गाडी जुनी असो की जुन्यासारखी दिसणारी, तिचं नाक पाहून निघून जाऊ नका. सपाट जागी उभी करा, डिकी रिकामी करा, मग मागे जा आणि उकिडवे बसून दोन्ही बाजू नीट पाहा. आमचं आम्हाला मागचं दिसत नाही. मी आता सरळ उभी आहे, असं मला वाटतं. पण तुम्ही एकदा बघून सांगा.